सरळ अंतर आणि वळसा

मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को विमानाने किती लांब आहे, हा प्रश्न आमच्या लोटे परिसरात आता नवलाचा राहिलेला नाही. खेड, चिपळूण, दापोली या तालुक्यांतल्या बऱ्याच घरांतली मुले-मुली तिकडे संगणकाच्या, औषधनिर्मितीच्या नाहीतर संशोधनाच्या कामात आहेत. वर्षा-दोन वर्षांनी आईवडील तिकडे जाऊन येतात. परत आल्यावर कुणी अंतर साडेतेरा हजार किलोमीटर सांगतो, कुणी पंधरा हजार, आणि कुणी थेट सोळा हजारांवर जातो. गंमत अशी की यांतला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या अर्थाने बरोबर असतो.

एकाच दोन ठिकाणांमधले अंतर वेगवेगळे कसे असू शकते, याचा उलगडा करण्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही. मी स्वतः भूगोल रीतसर शिकलेलो नाही. शाळेत असतो तसा पृथ्वीगोल, एक दोरा आणि साइन-कोसाइन काढणारा साधा कॅल्क्युलेटर, एवढ्या सामग्रीवर पुढचा सगळा हिशेब होतो. वाचकांनी तो पडताळून पाहावा म्हणून आकड्यांसकट मांडतो.

पृथ्वीगोलावरचा दोरा

भिंतीवरच्या जगाच्या नकाशात भारत मधोमध आणि अमेरिका डाव्या टोकाला दिसते. त्यामुळे अमेरिकेला जायचे म्हणजे अरबस्तान, युरोप आणि अटलांटिक महासागर ओलांडून सरळ पश्चिमेला जायचे, असे चित्र आपल्या मनात पक्के बसलेले असते. नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल, ही गोष्ट आपण तिसरी-चौथीत शिकतो. प्रवासाचा विचार करताना मात्र विसरतो. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशाचा एक प्रकार गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये जहाजांच्या सोयीसाठी तयार केला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाची वाट त्यात सरळ रेषेने काढता येते. त्याची किंमत म्हणून ध्रुवांकडचा प्रदेश त्यात अवाढव्य फुगतो. ग्रीनलंड भारताहून बरेच लहान आहे. या नकाशात ते भारताच्या कितीतरी पट मोठे दिसते.

आता पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दोरा ताणा. तो पश्चिमेला जात नाही, पूर्वेलाही फारसा जात नाही. तो उत्तरेला चढतो. राजस्थान, पंजाब, लडाख, मध्य आशिया, सायबेरिया असे करत तो आर्क्टिक महासागराच्या कडेवर साडेशहात्तर अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचतो आणि मग अलास्का व कॅनडाचा पश्चिम भाग यांवरून खाली सॅन फ्रान्सिस्कोला उतरतो. विमानातल्या पडद्यावर आपले विमान बर्फाळ उत्तरेला का चालले आहे, असा प्रश्न पहिल्यांदा जाणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर या दोऱ्यात आहे.

दोरा ज्या वर्तुळावर बसतो, त्याचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच असते. अशा वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे आपल्या पाठ्यपुस्तकातले ओळखीचे बृहद्वृत्त. पण पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांतून बृहद्वृत्त काढता येते, आणि त्याच्या लहान कमानीएवढी जवळची वाट पृष्ठभागावर दुसरी नसते.

कॅल्क्युलेटरवरचा हिशेब

दोऱ्याने अंदाज येतो. नेमका आकडा अक्षांश-रेखांशांवरून काढतात. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व येथे आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ ३७.६२ अंश उत्तर आणि १२२.३८ अंश पश्चिम येथे. एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा म्हणून दोन्ही रेखांशांची बेरीज करायची. ती १९५.२५ येते. अर्ध्या वर्तुळापेक्षा ती जास्त असल्याने ३६० मधून वजा करायची. उरले १६४.७५ अंश. म्हणजे ही दोन शहरे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत.

पुढची कृती अशी. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा : ०.३२७० गुणिले ०.६१०४, म्हणजे ०.१९९६. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करा : ०.९४५० गुणिले ०.७९२१, म्हणजे ०.७४८५. त्याला रेखांशांमधील फरकाच्या कोसाइनने, म्हणजे उणे ०.९६४८ ने गुणा. आले उणे ०.७२२२. या दोन्हींची बेरीज उणे ०.५२२६. ज्या कोनाचा कोसाइन एवढा असतो तो कोन १२१.५ अंशांचा. पृथ्वीच्या केंद्रापाशी उभे राहिलो तर ही दोन शहरे एकमेकांपासून एवढ्या कोनावर दिसतील.

एका अंशाला पृष्ठभागावर १११.२ किलोमीटर पडतात. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे १३,५०० किलोमीटर. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावरचा तिचा व्यास १२,७५६ किलोमीटर, ध्रुवांतून जाणारा १२,७१४. त्यामुळे या सोप्या रीतीत शेकडा अर्ध्यापर्यंत फरक पडू शकतो. आपल्या कामासाठी तो सोडून द्यायला हरकत नाही.

भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून, एकच दिशा धरून पूर्वेकडून पॅसिफिकमार्गे गेलो तर हेच अंतर १६,१०० किलोमीटरांवर जाते. पट्टी आणि दोरा यांच्यात अडीच हजार किलोमीटरांहून जास्त फरक पडतो.

विमानवाले आणि जहाजवाले किलोमीटरऐवजी नॉटिकल मैल वापरतात, त्याचेही कारण याच हिशेबात आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. पृथ्वीवरच्या एका कलेएवढे अंतर म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. १२१.५ अंशांना साठाने गुणले की अंतर थेट नॉटिकल मैलांत मिळते. कोन हेच अंतर, असा हा व्यवहार आहे.

हा विचार आपल्याकडचाही

कोनावरून पृथ्वी मोजण्याची ही रीत परकी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने दिला आहे. तो काढण्याची युक्ती साधी आहे. एकाच उत्तर-दक्षिण रेषेवरची दोन गावे घ्यायची, दोन्हींच्या अक्षांशांतला फरक आणि त्यांच्यामधले अंतर मोजायचे, आणि एवढ्या अंशांना एवढी योजने तर ३६० अंशांना किती, असे त्रैराशिक मांडायचे. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. आणि भारतीय ज्योतिषाचा समग्र इतिहास मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित तर आमच्याच जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या मुरुडचे. पेशाने शिक्षक असलेल्या या माणसाचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्रैराशिकाचा अनुभव घरच्या अंगणातही घेता येतो. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोऱ्याने खडा बांधून ओळंबा केला की ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजता येते. ती साधारणपणे त्या गावाच्या अक्षांशाएवढी असते. लोट्याला ती साडेसतरा अंशांच्या आसपास भरते, दिल्लीत साडेअठ्ठावीसच्या. फरक अकरा अंशांचा. म्हणजे दिल्ली आपल्या उत्तरेला सव्वाबाराशे किलोमीटर. विमानतळांमधले अंतर काढणारी यंत्रे याच तत्त्वाची, फक्त बारकाईने केलेली अंमलबजावणी करतात.

भरतीवर सोडलेली होडी

१३,५०० किलोमीटर हा आकडा पृथ्वीचा आहे. तो कुणाच्या इच्छेने बदलत नाही. विमान मात्र जमिनीवरून चालत नाही, हवेतून जाते, आणि हवा स्वस्थ बसलेली नसते.

वाशिष्ठीच्या खाडीतली जुनी वाहतूक ज्यांनी ऐकली-पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. दाभोळहून चिपळूणच्या गोवळकोट बंदराला येणारी होडी भरतीची वेळ साधून सोडत. अंतर तेच, पण पाणी पाठीशी असले की वल्हवणाऱ्याचे श्रम आणि वेळ दोन्ही वाचत. ओहोटीत तीच वाट दुप्पट लांब वाटे. होडीच्या दृष्टीने तिने किती पाणी कापले हे महत्त्वाचे. किनाऱ्यावरचा माणूस किती अंतर मोजतो याच्याशी तिला कर्तव्य नसते.

आकाशातही अशी भरती-ओहोटी आहे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट वारे म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो आणि वेग ताशी २०० किलोमीटरांच्या वरही जातो. प्रवासी विमाने नेमकी याच उंचीवर उडतात.

याचा सगळ्यांत बोलका दाखला एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचा. ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचे बृहद्वृत्तावरचे अंतर वरच्या रीतीने १२,३८० किलोमीटर येते. विमान युरोप-अटलांटिकमार्गे जाई आणि प्रत्यक्षात सुमारे १३,९०० किलोमीटर कापी. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली. विमान पूर्वेकडे, पॅसिफिकवरून पाठवले. अंतर झाले १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. तरी ते साडेचौदा तासांत पोहोचले. आधीच्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास कमी लागले.

भागाकार करून पाहू. १५,३०० ला साडेचौदाने भागले की ताशी १,०५५ किलोमीटर येतात. अशा विमानाचा हवेतला स्वतःचा वेग ताशी ९०० च्या घरात असतो. वरचे दीडशे वाऱ्याने दिले. जुन्या वाटेवर १३,९०० ला साडेसोळा तासांनी भागले की ८४२ येतात. तिथे वाऱ्याने ताशी साठेक किलोमीटर काढून घेतले. आता होडीच्या नजरेने पाहू. साडेचौदा तास ताशी ९०० ने म्हणजे विमानाने १३,०५० किलोमीटर हवा कापली. साडेसोळा तासांत १४,८५०. जमिनीवर मोजता जी वाट लांब, हवेत मोजता तीच जवळची ठरली. परतताना विमान अटलांटिकवरून पूर्वेकडेच येई. वारा पुन्हा पाठीशी, आणि जाऊन-येऊन पृथ्वीची एक प्रदक्षिणा पुरी.

विमान कंपनीला ही तफावत किलोमीटरांत मोजावी लागत नाही, ती इंधनात मोजली जाते. लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७ जातीच्या एका विमानाच्या टाक्यांत एक लाख ऐंशी हजार लिटरांहून जास्त इंधन मावते. आमच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर उभे राहणारे वीस हजार लिटरांचे नऊ टँकर डोळ्यांसमोर आणा. शिवाय हे इंधन वाहून नेण्यासाठीच त्यातले बरेचसे जळते. म्हणून दोन तास वाचले तर तेवढे इंधन उरते, आणि उरलेल्या वजनात माणसे व माल नेता येतात.

डोंगर, ध्रुव आणि हद्दी

वाऱ्याखेरीज आणखी तीन गोष्टी विमानाला दोऱ्यापासून दूर ढकलतात.

पहिली गोष्ट जमीन. मुंबईहून निघालेला दोरा लडाखवरून पुढे जातो. त्याच्या पूर्वेला तिबेटचे पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान लगेच तीन हजार मीटरांपर्यंत खाली आणावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू थोड्या मिनिटांपुरताच असतो. खाली यायला जागाच नसेल तर? म्हणून हा उंच प्रदेश विमाने शक्यतो टाळतात.

दुसरी गोष्ट निर्जन प्रदेश. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडले तरी ठरावीक वेळात पोहोचता येईल असा विमानतळ वाटेत लागतो. ध्रुवाजवळ असे विमानतळ विरळ. तिथल्या थंडीत इंधन गोठण्याचीही काळजी घ्यावी लागते. विमानाचे इंधन साधारण उणे ४७ अंश सेल्सिअसला गोठू लागते. तरीही विमाने ध्रुवावरून जातात. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे पहिले सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर थेट विमान उत्तर ध्रुवावरून आले. त्यातल्या सगळ्या वैमानिक महिला होत्या. या दोन शहरांमधले बृहद्वृत्ताचे अंतर १४,००० किलोमीटरांना जरासे कमी आहे. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा त्यानंतर, डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली.

तिसरी गोष्ट माणसांनी आखलेल्या हद्दी. समुद्र सगळ्यांचा असतो, पण देशावरचे आकाश त्या त्या देशाचे असते. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली आणि १६ जुलैला उघडली. २४ एप्रिल २०२५ रोजी त्यांनी ती भारतीय विमानांना पुन्हा बंद केली. दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमाने त्यामुळे आधी दक्षिणेला, गुजरातवरून अरबी समुद्रावर येऊ लागली. अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावे लागले. मुंबईहून पश्चिमेला निघणारे विमान मुळातच समुद्रावर जाते, म्हणून मुंबईकर प्रवाशाला त्या वळशाची झळ तुलनेने कमी लागली. तिकडे रशिया-युक्रेन युद्धानंतर मार्च २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांची विमाने रशियावरून उडत नाहीत. युनायटेड कंपनीने मुंबई-न्यूअर्क ही थेट सेवा तेव्हाच थांबवली. पृथ्वीचा आकार तसूभरही बदलला नाही. मुंबई आणि न्यूअर्क मात्र काही तासांनी दूर गेले.

वाटेत थांबायचे तर कुठे?

बहुतेक लोक थेट विमानाने जात नाहीत. रोज ते असेलच असे नाही आणि तिकीटही महाग पडते. मग कुठे बदलावे? इथे पृथ्वीगोलाचा दोरा व्यवहारात उपयोगी पडतो.

दिल्लीला बदलले तर मुंबई-दिल्ली १,१४० आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को १२,३८०, मिळून १३,५२०. थेट अंतराशी फरक दहा किलोमीटरांच्या आसपास. दिल्ली जवळजवळ दोऱ्यावरच आहे.

दुबईचे उत्तर आणखी मजेशीर आहे. कोकणातल्या माणसाला दुबई घरची. मुंबईहून ती जेमतेम १,९३० किलोमीटर. गुवाहाटी त्याहून लांब आहे. पण अमेरिकेला जाताना दुबई म्हणजे उलटे जाणे, असे नकाशा पाहून वाटते. दुबई ५५.४ अंश पूर्व आणि सॅन फ्रान्सिस्को १२२.४ अंश पश्चिम. बेरीज १७७.८, म्हणजे जवळजवळ पूर्ण अर्धे वर्तुळ. दोन्ही शहरे एकमेकांच्या समोरच्या रेखावृत्तांवर आहेत. म्हणून त्यांच्यामधला दोरा उत्तर ध्रुवापासून अवघ्या दोनशे किलोमीटरांवरून जातो. हे अंतर १३,००० किलोमीटर. मुंबईपासून एकूण १४,९५०. थेट वाटेपेक्षा शेकडा अकरा जास्त.

लंडनला बदलले तर एकूण १५,८०० च्या घरात, शेकडा सतरा जास्त. सिंगापूरला बदलले तर १७,५००, म्हणजे शेकडा तीस जास्त. तिकिटाच्या किमतीबरोबर एवढे आकडे समोर असले तर वयस्कर आईवडिलांसाठी वाट निवडणे सोपे जाते. अर्थात थांब्यावर किती तास बसावे लागते, हे अंतराच्या बाहेरचे आणि बरेचदा अंतराहून मोठे.

थांबणे हे एकेकाळी सक्तीचे होते. एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाले ते कैरो आणि जिनिव्हा येथे उतरत गेले. तेव्हाच्या विमानाचा पल्लाच तेवढा होता. १९६० मध्ये बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली तीही लंडनमार्गे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत थांबे गळत गेले आणि उडण्याची वाट दोऱ्याच्या जवळ सरकत आली. इतिहासाची दिशा ही अशी. हद्दी बंद झाल्या की ती थोडी मागे फिरते.

मुंबई ते लोटे

आमच्यासाठी प्रवास मुंबईच्या विमानतळावर संपत नाही. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, अशी कथा आमच्या शेजारच्या डोंगरावर सांगतात. बाणाला वळसा पडत नाही. मुंबईच्या विमानतळापासून लोट्यापर्यंतचे बाणाचे अंतर वरच्याच रीतीने १८० किलोमीटरांच्या आत भरते. महामार्गाने ते पनवेल, पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड असे साधारण २४० होते. म्हणजे सरळ अंतराच्या सव्वा ते दीडपट यांच्या दरम्यान. दिल्लीहून पॅसिफिकमार्गे गेलेल्या विमानाचा वळसाही सव्वापटीच्या आसपासच होता. डोंगर-खाड्यांनी घातलेला वळसा आणि जेट वाऱ्यासाठी घेतलेला वळसा, दोन्ही जवळपास सारखेच. फरक एवढाच की तो वळसा वेळ वाचवतो आणि हा वेळ खातो.

कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाट सोपा झाला. तरी २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या या रस्त्याने विमानतळ ते लोटे सहा तास धरावे लागतात. गणपती-शिमग्यात किती, ते चाकरमान्यांनाच विचारावे. नवी मुंबईचा विमानतळ आपल्याला जवळचा, मुंबईची गर्दी त्याने टळते. सॅन फ्रान्सिस्को मात्र त्याने दहा-वीस किलोमीटरसुद्धा जवळ येत नाही.

आता दोन टप्पे शेजारी ठेवू. विमानाचा टप्पा १३,५०० किलोमीटर, सोळा-सतरा तास. रस्त्याचा टप्पा २४० किलोमीटर, सहा तास. अंतराच्या शेकडा दोनहून कमी वाटा असलेला तुकडा वेळेतला चौथा हिस्सा घेतो.

हा हिशेब मी हौसेपोटी सुरू केला, पण आमच्याकडे तो विचारला जातो एका वेगळ्याच प्रसंगी. घरात कुणी गेले की अंगणात पहिला प्रश्न असतो, ‘मुलगा कधी पोचतोय?’ थांबायचे की उरकून घ्यायचे, हे त्या उत्तरावर ठरते. तेव्हा कुणाला किलोमीटर नको असतात, तास हवे असतात. ते असे मांडावेत. हिवाळ्यात सकाळी आठला इथे घटना घडली तर तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. त्याच रात्री नऊच्या थेट विमानात जागा मिळाली, असे धरू. पूर्वेकडे येताना वारा बहुधा पाठीशी, सोळा तास. मुंबईत तो दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचला उतरतो. तपासणी, सामान आणि गाडी मिळून दीड तास. मग रस्त्याचे सहा. सकाळी दहाला तो दारात. एकूण सव्वीस तास, आणि तेही सगळे मनासारखे जुळले तर. एक विमान चुकले, जागा मिळाली नाही, किंवा वाटेत बदलावे लागले, की चाळीस-पन्नास तास. हे आधी माहीत असले तर आशेवर ताटकळत बसण्याऐवजी घरच्यांना वेळेवर ठरवता येते. तिकडच्या मुलालाही ‘तू येऊ शकला नाहीस’ हा शब्द ऐकावा लागत नाही.

या हिशेबात बृहद्वृत्ताच्या आकड्याचे स्थान कोणते? तो खालची मर्यादा सांगतो. १३,५०० ला ९०० ने भागले की पंधरा तास येतात. आजच्या विमानांनी वारा शांत असताना याहून लवकर येणे शक्य नाही. हे पंधरा तास पृथ्वीचे आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. त्यावर जे चढते त्यातले काही वाऱ्याचे आणि डोंगरांचे, तेही सोसायचे. पण त्यापुढचे तास बंद हद्दींचे, न जुळणाऱ्या विमानांचे आणि अपुऱ्या रस्त्याचे आहेत. ते माणसांनी घातलेले आहेत, म्हणून माणसांना कमी करता येण्याजोगे आहेत. मूळ आकडा ठाऊक नसेल तर हे दोन ढीग वेगळे करता येत नाहीत आणि सगळेच नशिबाच्या खात्यावर जाते.

ज्यांची माणसे दूर आहेत त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत मुलांना पृथ्वीगोल, दोरा आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसवावे. आपल्या माणसाच्या गावाचे अक्षांश-रेखांश काढून अंतर मोजावे, त्याला ९०० ने भागावे, आणि तिकडच्या घड्याळाचा फरक, थेट विमानाचे वार व इथल्या रस्त्याचे तास शेजारी लिहून तो कागद दिनदर्शिकेच्या मागे चिकटवून ठेवावा. अमेरिकेतली घड्याळे उन्हाळ्यात एक तास पुढे जातात, एवढी टीप त्यावर असू द्यावी.